पाळण्यातले पाय आणि बेसबॉलचे पारखी

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, अशी आपल्याकडे म्हण आहे. या म्हणीवर ज्यांचा चरितार्थच चालतो, असा एक वर्ग अमेरिकेत गेली शंभरहून अधिक वर्षे अस्तित्वात आहे. बेसबॉलच्या व्यावसायिक संघांसाठी गावोगाव हिंडून सोळा-अठरा वर्षांची मुले हेरणाऱ्या या मंडळींना तिकडे 'स्काउट' म्हणतात. आपण त्यांना पारखी म्हणू. एखाद्या शाळेच्या मैदानावर, फलंदाजाच्या मागच्या जाळीपलीकडे, हातात स्टॉपवॉच आणि मांडीवर वही घेऊन ते तासन्‌तास बसलेले असतात. समोरचा मुलगा आज कसा खेळतो हे तर ते टिपतातच; पण त्यांना ज्या प्रश्नाचे उत्तर हवे असते तो प्रश्न वेगळाच असतो. हा मुलगा आणखी सहा-सात वर्षांनी कसा खेळेल?

बालरोगतज्ज्ञाला हा प्रश्न परका नाही. 'डॉक्टर, याची उंची किती होईल?', 'हिचे अभ्यासात पुढे नीट होईल ना?' असे विचारणारे पालक आपल्या दवाखान्यात रोज येतात. आज दिसणाऱ्या बालकावरून उद्याच्या प्रौढाचा अंदाज बांधणे हे आपलेही काम आहे. फरक इतकाच की, बेसबॉलच्या पारख्याचा अंदाज लिखित स्वरूपात राहतो आणि दहा वर्षांनी तो खरा ठरला की खोटा, हे साऱ्या जगाला दिसते. म्हणूनच त्यांच्या पद्धतीतून, आणि त्यांच्या चुकांतूनही, वैद्यकाला घेण्यासारखे पुष्कळ आहे.

पाच गुण

क्रिकेटवर वाढलेल्या वाचकांसाठी खेळाची थोडी ओळख करून देणे इष्ट होईल. बेसबॉलमध्ये चेंडू टाकणारा, म्हणजे पिचर, साडेसाठ फुटांवरून चेंडू टप्पा न पाडता फेकतो. ताशी ९० मैलांहून अधिक वेगाचा असा चेंडू फलंदाजापर्यंत पोहोचायला सेकंदाचे जेमतेम चार दशांश लागतात. त्यामुळे दहा प्रयत्नांत तीनदा यशस्वी फटका मारणारा फलंदाज या खेळात उत्तम गणला जातो. सातदा अपयशी ठरणाऱ्याला जिथे उत्तम म्हणतात, तिथे एक-दोन सामने पाहून काही ठरवणे किती धोक्याचे, हे सहज लक्षात येईल.

म्हणून पारखी धावफलकापेक्षा मुलाच्या अंगच्या गुणांकडे अधिक पाहतो. परंपरेने हे गुण पाच मानले जातात : चेंडू बॅटच्या मध्यावर अचूक घेण्याची हातोटी, फटक्यातील ताकद, धावण्याचा वेग, फेकीची ताकद आणि क्षेत्ररक्षण. हे पाचही गुण एकाच देहात क्वचितच नांदतात. विली मेज या थोर खेळाडूचे नाव त्याचे उदाहरण म्हणून हटकून घेतले जाते. पिचरसाठी निकष निराळे असतात. वेगवान चेंडू, वळणारा चेंडू, फसवा संथ चेंडू आणि हवा तिथे चेंडू टाकण्याचे नियंत्रण यांची तेथे पारख होते.

यांतील काही गुण मोजायला सोपे आहेत. फटका मारल्यापासून पहिल्या बेसला पाय लागेपर्यंतचे ९० फुटांचे अंतर उजवा फलंदाज साधारण ४.३ सेकंदांत कापतो; ४ सेकंदांच्या आसपासचा मुलगा दिसला की पारख्याचे कान टवकारतात. चेंडूचा वेग रडार-गनने कळतो. परंतु जो गुण सर्वांत महत्त्वाचा, म्हणजे चेंडू अचूक टोलवण्याची हातोटी, तोच मोजायला सर्वांत अवघड आहे. शाळेतला फलंदाज ज्या गोलंदाजीसमोर खेळतो, ती पुढे भेटणाऱ्या गोलंदाजीच्या मानाने फारच सौम्य असते. सोपे ते मोजले जाते आणि अवघड ते अंदाजावर सोडले जाते, ही अडचण आपल्या परिचयाची आहे.

वीस ते ऐंशी

प्रत्येक गुणाला २० ते ८० या दरम्यान अंक देण्याची रीत आहे. या मोजपट्टीचे श्रेय सामान्यतः ब्रँच रिकी या विख्यात संघव्यवस्थापकांना दिले जाते. मेजर लीग, म्हणजे सर्वोच्च श्रेणीतील खेळाडूची सरासरी म्हणजे ५०. तेथून वरखाली दहा अंकांची प्रत्येक पायरी ही साधारणपणे एक प्रमाण विचलन मानली जाते. सरासरीच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन प्रमाण विचलने धरली, की २० आणि ८० ही दोन टोके मिळतात. भिंतीवर लावलेल्या वाढीच्या तक्त्याशी या मोजपट्टीचे नाते किती जवळचे आहे, हे डॉक्टरांना निराळे सांगायला नको.

या पद्धतीतील खरी मेख पुढेच आहे. पारख्याच्या अहवालात प्रत्येक गुणापुढे दोन रकाने असतात : एक 'आज'चा, दुसरा 'पुढे'चा. सतरा वर्षांच्या मुलाच्या फटक्याच्या ताकदीपुढे आज ३० आणि पुढे ६० असे लिहिलेले असू शकते. पहिला अंक निरीक्षण आहे, दुसरा भाकीत आहे. दोन्ही एकाच माणसाने, एकाच दिवशी लिहिलेले असले, तरी त्यांची जात वेगळी आहे आणि कागदावर त्यांना वेगवेगळी जागा आहे.

येथे व्हर्जिनिया अपगार यांची आठवण होते. १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या गुणपद्धतीतही निकष पाचच आहेत : हृदयाचे ठोके, श्वसन, स्नायूंचा ताण, प्रतिक्षिप्त क्रिया आणि वर्ण. नवजात बालकाला या क्षणी मदतीची कितपत गरज आहे, एवढेच तो अंक सांगतो. एखाद्या बालकाच्या बुद्धीचे वा भविष्याचे भाकीत केवळ त्यावरून करू नये, असे बालरोगशास्त्राच्या संस्था सातत्याने बजावत आल्या आहेत. तरीही पाचव्या मिनिटाचा तो अंक वर्षानुवर्षे उराशी धरून बसलेले आईवडील आपण पाहतो. 'आज'च्या रकान्यातला अंक आपोआप 'पुढे'च्या रकान्यात सरकतो, तो असा.

देहाचे भाकीत

अठरा वर्षांच्या सडपातळ मुलाकडे पाहून हा पुढे भरेल की नाही, याचा अंदाज पारखी कसा बांधतो? तो खांद्यांची रुंदी पाहतो, हातापायांची लांबी पाहतो आणि प्रेक्षकांत बसलेल्या आईवडिलांवरही नजर टाकतो. हे आपल्या शास्त्राला धरूनच आहे. मुलाच्या अपेक्षित उंचीसाठी आपण आईवडिलांच्या उंचीची बेरीज करून तीत १३ सेंटिमीटर मिळवतो आणि निम्मे करतो. मुलीसाठी १३ वजा करतो. पण त्या आकड्याच्या दोन्ही बाजूंना आठ-दहा सेंटिमीटरचा पट्टा सोडायला आपण शिकलेलो असतो. भाकितासोबत त्याची अनिश्चितताही सांगायची, ही शिस्त पारख्याच्या एका अंकात हरवून जाते.

दुसरा घोटाळा वयाचा. बारा-तेरा वर्षांच्या दोन मुलांचे जन्मतारखेचे वय एकच असले, तरी हाडांच्या वयात दोन-तीन वर्षांचे अंतर सहज असू शकते. लवकर वयात आलेला मुलगा आज उंच, बळकट आणि वेगवान दिसतो. उशिरा वयात येणारा पुढे त्याला गाठतो, पण तोवर निवड होऊन गेलेली असते. अमेरिकेत अनेक वर्षे बालसंघांच्या वयोगटाची मर्यादा ३१ जुलै ही होती. परिणामी ऑगस्टमध्ये जन्मलेली मुले आपल्या गटात सर्वांत मोठी आणि जुलैमध्ये जन्मलेली सर्वांत लहान ठरत. मेजर लीगपर्यंत पोहोचलेल्या अमेरिकी खेळाडूंत जुलैपेक्षा ऑगस्टमध्ये जन्मलेल्यांची संख्या लक्षणीयरीत्या अधिक आढळली. ग्रहमानाशी याचा काही संबंध नाही. लहानपणी मोठा दिसणारा मुलगा निवडला गेला, त्याला चांगला प्रशिक्षक मिळाला, अधिक सामने मिळाले आणि वर्षागणिक ते अंतर वाढत गेले.

२००१ साली लिटल लीग या बालस्पर्धेत डॅनी अल्मोंटे नावाच्या पिचरने बारा वर्षांच्या मुलांना अक्षरशः हतबल केले. पुढे जन्मनोंदीवरून तो चौदा वर्षांचा असल्याचे उघड झाले आणि त्याच्या संघाचे निकाल रद्द झाले. कागदपत्रांचा हा खेळ मोठ्यांचा होता, मुलाचा नव्हे. पुढे २००६ च्या निवडसत्रात त्याला कोणत्याही संघाने घेतले नाही. बाराव्या वर्षीच्या वर्चस्वात कौशल्य किती आणि दोन वर्षांची जादा वाढ किती, याचे उत्तर त्यातून मिळाले. आपल्याकडे क्रिकेट नियामक मंडळ सोळा वर्षांखालील मुलांच्या मनगटाच्या क्ष-किरण चित्रावरून हाडांचे वय तपासते, त्यामागेही हीच चिंता आहे.

नजर चुकते तेव्हा

शालेय व महाविद्यालयीन खेळाडूंच्या वार्षिक निवडसत्राला, म्हणजे 'ड्राफ्ट'ला १९६५ साली सुरुवात झाली. संघ पाळीपाळीने एकेक खेळाडू निवडतात. दुसऱ्याच वर्षी, १९६६ मध्ये, न्यूयॉर्क मेट्स संघाने सर्वप्रथम निवडले ते स्टीव्ह चिलकॉट या शाळकरी खेळाडूला. खांद्याच्या दुखापतीने घेरलेला चिलकॉट मेजर लीगमध्ये एकही सामना खेळू शकला नाही. त्याच्या पाठोपाठ दुसऱ्या क्रमांकावर निवडला गेलेला रेजी जॅक्सन पुढे ५६३ होमरन मारून गेला. १९९१ चा पहिला मानकरी ब्रायन टेलर हा पिचर; एका मारामारीत खांदा दुखावला आणि तोही सर्वोच्च श्रेणी गाठू शकला नाही.

उलट बाजूही तितकीच बोलकी आहे. माइक पियाझा १९८८ साली ६२ व्या फेरीत, १३९० वा खेळाडू म्हणून निवडला गेला. तोही त्याच्या वडिलांचे स्नेही असलेले प्रशिक्षक टॉमी लासोर्डा यांच्या शब्दाखातर. त्याने ४२७ होमरन मारले आणि २०१६ मध्ये त्याला 'हॉल ऑफ फेम'चा सन्मान मिळाला. जिम ॲबट जन्मतःच उजव्या पंजाविना होता. डाव्या हाताने चेंडू टाकताच उजव्या मनगटावर तोललेला हातमोजा तो क्षणार्धात डाव्या हातात चढवीत असे. पारख्यांनी त्याच्या उणिवेपलीकडे पाहिले. १९८८ मध्ये पहिल्याच फेरीत त्याची निवड झाली आणि १९९३ साली त्याने संपूर्ण सामन्यात प्रतिस्पर्ध्यांना एकही यशस्वी फटका मारू न देण्याचा दुर्मीळ पराक्रम केला.

व्हेनेझुएलाच्या होझे अल्टुव्हेची उंची जेमतेम साडेपाच फूट. माराकाय शहरातील निवडचाचणीत पहिल्याच दिवशी ह्यूस्टन संघाच्या लोकांनी त्याला परत पाठवले. वडिलांच्या आग्रहावरून तो दुसऱ्या दिवशी जन्मदाखला घेऊन पुन्हा गेला. २००७ साली त्याला अवघ्या १५ हजार डॉलरमध्ये करारबद्ध केले गेले. २०१४ मध्ये तो अमेरिकन लीगचा सर्वोत्तम सरासरीचा फलंदाज ठरला.

या चुका आळसातून घडलेल्या नाहीत. मोठ्या निवडीपूर्वी स्थानिक पारख्याच्या अहवालावर विसंबून न राहता संघाचा दुसरा, वरिष्ठ पारखी स्वतंत्रपणे येऊन मुलाला पाहतो. आपल्या 'सेकंड ओपिनियन'सारखीच ही व्यवस्था आहे. इतके करूनही ज्यांची निवड होते त्यांतले बहुतेक जण सर्वोच्च श्रेणीपर्यंत पोहोचत नाहीत. वाढत्या वयाच्या माणसाचे भाकीत मुळातच इतके अवघड आहे.

जे पाहिलेच गेले नाहीत

मोजपट्टी कितीही चांगली असो, ती समोर उभ्या असलेल्यालाच लावता येते. १९४७ पूर्वी अनेक दशके मेजर लीगच्या मैदानावर कृष्णवर्णीय खेळाडूंना मज्जाव होता. त्यांच्या स्वतंत्र लीगमध्ये अव्वल दर्जाचे खेळाडू होते. पण ज्यांना घ्यायचेच नाही त्यांचे अंक कोण लिहिणार? ब्रँच रिकी यांनी १९४५ साली जॅकी रॉबिन्सनला करारबद्ध केले, तेव्हा त्याच्या खेळाइतकाच त्याच्या मनोधैर्याचा विचार केला. शिवीगाळ सोसूनही डोके शांत ठेवणारा माणूस त्यांना हवा होता. पारख्यांच्या परिभाषेत या घडणीला 'मेकअप' म्हणतात. बाद झाल्यावर मुलगा बॅट आपटतो की पुढच्या चेंडूचा विचार करतो, सोबत्यांशी कसा बोलतो, हे ते आवर्जून पाहतात. या गुणाला रडार-गन नाही, आणि म्हणून येथे पूर्वग्रहाला वावही सर्वाधिक आहे. देखणा, उंचापुरा मुलगा 'खेळाडूसारखा दिसतो' म्हणून दोन अंक जास्त मिळवून जातो.

आकडे विरुद्ध अनुभव

बिली बीन हे असेच एक 'खेळाडूसारखे दिसणारे' तरुण. १९८० मध्ये पहिल्या फेरीत त्यांची निवड झाली. प्रत्यक्षात ते मेजर लीगमध्ये १४८ सामने खेळले आणि दहात जेमतेम दोनदा यशस्वी ठरले. पुढे ऑकलंड संघाचे व्यवस्थापक झाल्यावर त्यांनी रूपाऐवजी आकड्यांवर भर दिला. फटका असो वा संयम, कोणत्याही मार्गाने पहिल्या बेसवर पोहोचणाऱ्या खेळाडूंना बाजारात कमी भाव आहे, हे त्यांनी हेरले. २००२ मध्ये न्यूयॉर्क यांकीजच्या सुमारे एक-तृतीयांश वेतनखर्चात ऑकलंडने तेवढेच, म्हणजे १०३ सामने जिंकले. मायकेल लुईस यांच्या २००३ च्या 'मनीबॉल' या पुस्तकाने ही कथा जगभर नेली.

वैद्यकात हा वाद जुना आहे. पॉल मील या मानसशास्त्रज्ञांनी १९५४ सालीच दाखवून दिले होते की, उपलब्ध माहितीवरून भाकीत करताना ठरावीक सूत्र हे अनुभवी तज्ज्ञाच्या अंदाजाइतके, किंबहुना त्याहून सरस ठरते. पण सूत्राला पुरवायची माहिती कोणी तरी डोळसपणे गोळा करावी लागतेच. २०१५ पासून मेजर लीगच्या सर्व मैदानांवर प्रत्येक चेंडूचा वेग, फिरकी आणि फटक्याचा कोन यंत्रे टिपत आहेत. काही संघांनी पारख्यांची संख्या घटवलीही. तरीही शाळकरी मुलाच्या घरी जाऊन, चहाच्या टेबलाशी बसून त्याला जाणून घेण्याचे काम यंत्राकडे गेलेले नाही.

एकाच गुणाची निवड केली तर काय होते, याचा प्रयोग भारतातही झाला. २००८ साली 'मिलियन डॉलर आर्म' या स्पर्धेत देशभरातील हजारो तरुणांकडून केवळ चेंडूचा वेग आणि अचूकता यांची परीक्षा घेतली गेली. तीतून पुढे आले उत्तर प्रदेशचे रिंकू सिंह आणि दिनेश पटेल. दोघेही भालाफेकपटू, बेसबॉल त्यांनी कधी खेळलेला नव्हता. अमेरिकेत काही महिने प्रशिक्षण घेऊन त्यांनी त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पिट्सबर्ग संघाशी करार मिळवला, ही कामगिरी थक्क करणारी खरीच. दोघांपैकी कोणीही मेजर लीगपर्यंत पोहोचला नाही. दणकट खांदा मोजता आला. जी खेळाची जाण अमेरिकी मुलाच्या अंगी सहाव्या वर्षापासून मुरते, ती काही महिन्यांत आणता आली नाही.

मोजमापाची किंमत

डॉक्टरांनी सर्वाधिक गांभीर्याने घ्यावी अशी बाब शेवटी सांगतो. पारखी वेगाला अंक देतात, हे एकदा कळले की मुले, पालक आणि प्रशिक्षक वेगाच्या मागे लागतात. डॉ. फ्रँक जोब यांनी १९७४ साली टॉमी जॉन या पिचरच्या कोपरातील फाटलेला अस्थिबंध मनगटाजवळचा स्नायुरज्जू वापरून नव्याने बांधला. जॉन १९७६ मध्ये पुन्हा मैदानात उतरला आणि १९८९ पर्यंत खेळला. व्यावसायिक खेळाडूला जीवदान देणारी ही शस्त्रक्रिया कालांतराने शाळकरी मुलांवरही करावी लागू लागली. त्याहून लहान वयात अस्थिबंध फाटण्याआधी हाडाच्या टोकाजवळची वाढीची कूर्चाच दुखावते. २०१४ साली मेजर लीगने आणि अमेरिकेच्या बेसबॉल संघटनेने मिळून वयानुसार चेंडूंची मर्यादा सुचवली : नऊ-दहा वर्षांच्या मुलाने दिवसाला ७५ हून अधिक, अकरा-बारा वर्षांच्या मुलाने ८५ हून अधिक चेंडू टाकू नयेत, आणि वर्षातून किमान चार महिने फेक पूर्ण बंद ठेवावी. पिचरच्या दुखापतींविषयी मेजर लीगने डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालातही वेगाचा हव्यास हेच प्रमुख कारण म्हणून पुढे आले. आपल्याकडे कंबरदुखी घेऊन येणारा चौदा वर्षांचा वेगवान गोलंदाज याच रांगेतला आहे. त्याच्या कंबरेच्या मणक्याला ताणामुळे तडा गेला नाही ना, हे पाहिल्याशिवाय त्याला परत मैदानावर पाठवू नये.

क्रिकेट, टेनिस, जलतरण यांच्या शिबिरांसाठी आरोग्य-प्रमाणपत्र मागायला पालक आता आठ-नऊ वर्षांची मुले घेऊन येतात. प्रमाणपत्रावर सही करताना आपण तीन गोष्टी करू शकतो. उंची-वजनाच्या नोंदीसोबत मुलगा वाढीच्या कोणत्या टप्प्यावर आहे, हेही लिहावे आणि प्रशिक्षकाला समजावून सांगावे. आठवड्यातले सरावाचे तास विचारावेत आणि विश्रांतीचे महिने ठरवून द्यावेत. आणि निवड न झालेल्या मुलाच्या पालकांना स्पष्ट सांगावे की, हा आजचा अंक आहे. वर्षभराने पुन्हा पाहू. माराकायच्या त्या मैदानात दुसऱ्या दिवशी अल्टुव्हेला पुन्हा आत घेतले गेले, एवढ्यावरच पुढचे सारे अवलंबून होते. आपल्या केसपेपरवर आजच्या नोंदीखाली पुढच्या तपासणीची तारीख असते. ती तारीख मुलांना क्रीडांगणावरही मिळावी, इतके पाहणे आपल्या हाती आहे.